जुलैतलं पाणी

गाबोरोने, बोत्स्वाना

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर मी तुम्हा दोघांना जुलैत इथलं जंगल बघायला बोलावलं, तर तुम्ही म्हणालात, "जुलैत कशाला? पावसाळ्यात ताडोबासुद्धा बंद असतं." तेवढ्यात रेंज गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

इकडे जुलै म्हणजे कोरडा हिवाळा. थेंबभर पाऊस नाही, आणि तरी ओकावांगो नदीचं खोरं नेमकं तेव्हाच तुडुंब असतं. ते पाणी इथलं नव्हेच. जानेवारी-फेब्रुवारीत अंगोलाच्या डोंगरांत पडलेल्या पावसाला सपाट माळावरून इथवर यायला कित्येक महिने लागतात. ही नदी समुद्राला मिळत नाही, कालाहारी वाळवंटाच्या वाळूतच पसरते आणि तिथेच आटते. बाकीचं रान सुकलेलं असतं, म्हणून हत्ती, रानम्हशी, झेब्रे पाण्याकडे येतात. डिसेंबरात इथल्या पावसाने डबकी जागोजागी भरतात, गवत उंच होतं, जनावरं पांगतात. मग दिवसभर जीपमध्ये फिरूनही गवतच दिसायचं.

आई, मोकोरो म्हणजे इथली निमुळती होडी. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती रेटतो. मी बसले होते तेव्हा कमळाची पानं कोपराला घासत होती. एका बोरूच्या काडीवर नखाएवढा ठिपक्यांचा बेडूक चिकटून बसला होता, आम्ही अगदी जवळून गेलो तरी हलला नाही. तुला तो दाखवायचाय. पण होडीच्या तळाशी पाय पसरून बसावं लागतं, ते बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. म्हणून आपण दोघी मोकोरोत, बाबा जीपमधून. नंतर तीन दिवस चोबे नदीवर. तिथे खुर्च्यांची मोठी बोट असते आणि संध्याकाळी हत्ती सोंडा वर धरून पोहत बेटावर जातात. बाबा, हे तुम्ही बसल्या जागेवरून बघाल.

मोठी लाल सूटकेस आणू नका. कॅम्पवर जाणाऱ्या छोट्या विमानात कडक बॅग चालत नाही, मऊ पिशव्याच हव्यात. पहाटे उघड्या जीपमध्ये थंडी बोचते, तेव्हा कानटोप्या, स्वेटर घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आताच विचारा. आई, तुझ्या बीपच्या गोळ्यांची यादीही त्यांना दाखव.

इथे पावसाला 'पुला' म्हणतात, आणि चलनाचं नावही पुलाच. बाबा, पैशांचा विषय काढू नका. रिटायर झाल्यापासून "पुढच्या वर्षी बघू" ऐकतेय, आणि मला तुम्ही दोघं याच वर्षी इथे हवे आहात.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो शनिवारपर्यंत पाठवा. रविवारी बुकिंग करते.

तुमची,
मनू