कळलं कधी आणि सांगितलं कधी?

मा. संपादक,
स.न.

कॉम्प्युटर कंपन्यांचे रिटायर झालेले मोठे साहेब हल्ली मुलाखती देत असतात, ते दिवस काय भारी होते, आम्ही रात्र रात्र कशी जागायचो वगैरे. मीही आवडीने ऐकतो. पण तुमचं मशीन ज्यांनी घेतलं आणि तुमच्याच चुकीने ज्यांचं बंद पडलं त्यांना कधी सॉरी म्हणालात का, हे त्यांना कोणीच विचारत नाही.

कंपनी बुडाली म्हणून माफी मागा असं मी म्हणत नाहीये. धंदा आहे, बुडतो कधीकधी. ऑस्बोर्न कॉम्प्युटर कंपनीच्या मालकाने, ऑस्बोर्नने, तर नवीन मॉडेलची बातमी वेळेआधीच सांगून टाकली, लोकांनी जुनं घेणं थांबवलं आणि 1983 मध्ये दिवाळं निघालं असं सांगतात, म्हणजे तो माणूस जरा जास्तच खरं बोलला म्हणायचा. कमोडोर कंपनी 1994 मध्ये बुडाली तेव्हा तिचा अमिगा कॉम्प्युटर वापरणारे किती हळहळले, त्यांचा राग मला समजतो, पण निर्णय चुकणं वेगळं आणि माहीत असून गिऱ्हाइकाला थापा मारणं वेगळं.

माझा एक पीसी असाच गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. आधी नुसता हँग व्हायचा, मग आपोआप रीस्टार्ट, फोन केला की रॅम काढून परत बसवा, विंडोज परत टाका, तुमच्याकडे करंटचाच प्रॉब्लेम असेल. शेवटी वैतागून मीच झाकण उघडलं तर प्रोसेसरच्या बाजूचे कॅपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबीसारखे पार्ट) टम्म फुगलेले आणि दोघांच्या डोक्यावर तपकिरी चिकट काहीतरी सुकलेलं. फोनवरच्या पोराचा दोष नाही हो, त्याला जे लिहून दिलं होतं ते तो वाचत होता. पण ते लिहून देणारा कोणीतरी होताच ना?

आता दुसरं, जगजाहीर प्रकरण. डेलने 2003 ते 2005 दरम्यान ऑप्टिप्लेक्स मॉडेलचे किमान 1 कोटी 18 लाख कॉम्प्युटर विकले ज्यांना अशाच खराब पार्टमुळे बिघडण्याचा धोका होता, हे 2010 मध्ये एका कोर्ट केसच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. त्यात टेक्सास युनिव्हर्सिटीच्या गणित विभागाची मशीन्स बंद पडली तेव्हा त्यांना काय सांगितलं, तर तुम्ही फार अवघड गणितं करायला लावून कॉम्प्युटरवर लोड टाकला! कॉम्प्युटरने गणित करायचं नाही तर काय करायचं, हे त्या साहेबांनीच सांगावं.

इंटेलचंही बघा. त्यांच्या पेंटियम चिपचा भागाकार चुकतोय हे त्यांना 1994 च्या मध्यालाच कळलं होतं, बोंब झाली ती एका गणिताच्या प्रोफेसरने ऑक्टोबरअखेर ईमेल पाठवले म्हणून. आधी म्हणाले, साध्या माणसाला 27 हजार वर्षांतून एकदा फटका बसेल, गरज दाखवा मग चिप बदलून देऊ. शेवटी 20 डिसेंबरला सरळ माफी, मागेल त्याला नवीन चिप आणि 47.5 कोटी डॉलरचा भुर्दंड. माफी उशिराच आली, लोक चिडले म्हणूनच आली, पण खुर्चीवर बसलेल्यांनी मागितली एवढं तरी खरं.

खुर्चीवर असताना वकील तोंड उघडू देत नाहीत हे मला मान्य आहे, शेअर पडेल, केसेस होतील. पण खुर्ची सोडून पंधरा वीस वर्षं झाल्यावर कसली भीती? पैसे परत नकोत, ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. तेव्हा तुमच्या पेपरात असा कोणी माजी साहेब मुलाखतीला आला तर गॅरेजमध्ये कंपनी कशी सुरू केली त्या गोष्टी थोड्या कमी छापा आणि त्याला दोनच तारखा विचारा, बिघाड तुम्हाला कळला कधी आणि गिऱ्हाइकाला सांगितला कधी. उत्तर आलं तर पहिल्या पानावर टाका, मी अंक विकत घेईन.

आपला,
एक जुना वाचक