एकोणीस खिडक्यांची गाडी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर मुद्दामच लांबवलं, कारण आपल्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅनच्या छतातल्या खिडक्या ठेवायच्या की नाहीत, हे तू विचारलं होतंस आणि त्याचं उत्तर माझंच ठरत नव्हतं. काल रात्री ठरलं. छताच्या आठही खिडक्या मी बुजवणार आहे.

लगेच रागावू नकोस, आधी सगळं ऐकून घे.

आपण ती व्हॅन पहिल्यांदा पाहिली तो दिवस आठव. ताडपत्रीखालून नुसतं नाक बाहेर आलं होतं, दोन भागांची काच आणि मधोमध उतरत आलेला तो टोकदार पत्रा, आणि तू ओरडलासच. मग ताडपत्री मागे ओढली. छताच्या कडेला एका ओळीत चार लांबट काचा, पलीकडे चार. दोघांचीही बोलती बंद झाली. फोक्सवॅगनची सांबा, छतालाही खिडक्या असलेली ती खास व्हॅन! विकणाराही तेच म्हणाला, '२१ खिडक्यांची, अस्सल.' मधलं कापडी सरकतं छप्पर नव्हतं, पण आपणच म्हणालो की गळत असेल म्हणून कुणीतरी बुजवलं असेल. आपण वर बघत राहिलो. बाजूच्या खिडक्या मोजायचं दोघांनाही सुचलं नाही.

त्या मी मोजल्या दोन महिन्यांनी, काचा उतरवताना. परत बसवताना घोळ नको म्हणून प्रत्येक काचेवर खडूने नंबर टाकत होतो. पुढच्या दोन, पुढच्या दारांच्या दोन, मागची एक, छताच्या आठ आणि बाजूंच्या तीन-तीन मिळून सहा. शेवटच्या काचेवर १९ लिहिलं आणि खडू हातातच राहिला. सांबाला बाजूला चार-चार खिडक्या असतात, तेव्हा कुठे २१ होतात. १९६३ पर्यंत मागच्या दोन कोपऱ्यांत वळणदार काचाही असत, म्हणून त्याआधीच्या गाड्या २३ खिडक्यांच्या. १९ चा हिशेब कुठेच बसत नाही.

त्याच संध्याकाळी इंजिनाच्या खणातला गंज तारेच्या ब्रशने घासला. खाली ठोकलेला नंबर हळूहळू वर आला. सुरुवातीचे आकडे २२५. त्यातले २२ म्हणजे छताला खिडक्या नसलेली साधी मायक्रोबस आणि ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल. पुढच्या सीटमागची कारखान्याची छोटी पट्टीही तेच सांगत होती. मग छताचं आतलं अस्तर उसवलं. कारखान्यात पाडलेल्या खिडकीला दाबून वळवलेली स्वच्छ कड असते. इथे ग्राइंडरने कापलेली धार, त्यावर वेल्डिंगचे गोळे आणि बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी. चुंबक लावला तर तो चिकटेचना, घसरून खाली पडला.

खरं सांगतो, त्यानंतर पंधरा दिवस मी त्या गाडीला हात लावला नाही. फसवलं गेल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं की जिच्यासाठी इतका जीव टाकला ती गाडी मुळात नव्हतीच.

परत कामाला लागलो ते फरशीच्या गंजामुळे, कारण गंज काही माझा राग जाईपर्यंत थांबणार नव्हता. या गाडीत चॅसी आणि बॉडी एकमेकांना वेल्ड केलेली असते. दारांखालचा पत्रा विचार न करता कापला तर गाडी मधोमध खचते, आणि मग दारं जन्मात नीट लागत नाहीत. म्हणून आधी दारांच्या चौकटींत लोखंडी पाइप तिरके टाकून वेल्डिंगचे टाके मारले, गाडी पाणपातळीने सपाट केली आणि एका वेळी एकच बाजू उघडली. बाहेरचा पत्रा काढल्यावर आतला, त्यामागे आडव्या पट्ट्या, जॅक लावायची जागा, सगळं पापडासारखं हातात आलं. कापलेला एकही तुकडा मी फेकला नाही. नवा पत्रा वळवताना माप घ्यायला तोच कामाला येतो. प्रत्येक टाका मारण्याआधी बाजूचं दुपाखी दार लावून बघायचो आणि फट सगळीकडे सारखी दिसली तरच पुढे जायचो. त्या एका बाजूने सात आठवडे खाल्ले.

आणि याच सात आठवड्यांत माझं मन बदललं. मधल्या सीटचा पाया सोडवला तेव्हा त्याखाली तळहाताएवढा रंग निघाला, मूळचा, उन्हापावसाने न स्पर्शलेला. पाठीवर झोपून टॉर्चच्या उजेडात मी तो तुकडा किती वेळ पाहत होतो कोण जाणे. वरच्या तीन थरांच्या रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता. मग एकेक गोष्ट दिसत गेली. दारांच्या बिजागऱ्या मूळच्या. मागच्या चाकांजवळच्या दातेरी चाकांच्या पेट्या मूळच्या. त्यांच्यामुळेच ही गाडी जमिनीपासून उंच राहते आणि एवढ्याशा इंजिनावर भरलेली गाडी चढ चढते. वायरिंगही ६ व्होल्टचंच, कारण १२ व्होल्ट १९६७ च्या मॉडेलपासून आले. या गाडीत खोटं असं फक्त छप्पर होतं.

तू लिहितोस, "खिडक्या आहेत तर राहू दे, लोक सांबा म्हणूनच बघतील." लोक बघतील रे, पण मी रोज त्या काचांखाली बसणार आणि मला ते १९ आठवणार. शिवाय त्याच पत्रात 'साधी मायक्रोबस' हा शब्द तू ज्या सुरात वापरलास तो मला पटला नाही. १९४७ च्या एप्रिलमध्ये बेन पोन या डच माणसाने वहीत एक चौकोनी खोका काढला, ड्रायव्हर अगदी पुढे, इंजिन मागे आणि मधली सगळी जागा मोकळी. त्यातूनच १९५० साली या गाड्या निघू लागल्या. माणसं भरून न्यायची हाच तिचा मूळ धर्म, आणि तो सांबाइतकाच या गाडीनेही पाळला. भाड्याने राबवलेल्या, घासून-वापरून भंगारात गेलेल्या अशा साध्या गाड्याच आता धड सापडत नाहीत. ज्या सापडतात त्यांनाही सांबाचा मुखवटा चढवला, तर ११ खिडक्यांची खरी मायक्रोबस बघायची कुठे?

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. चार बोल्ट सोडले की ते खाली येतं, तुला माहीतच आहे. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला होता. पंख्याची हवा त्या सिलिंडरवर ऑइल कूलरमधून जाते, म्हणजे आधीच तापून पोचते, त्यामुळे बहुधा तोच आधी जळतो. हेड उतरवलं, व्हॉल्व्हच्या बैठका घासल्या, व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर जुळवली. ६ व्होल्टचं वायरिंग मी बदलणार नाही. त्याच दिव्याला करंट दुप्पट लागतो, म्हणून अर्थिंगच्या जागी जरासा गंज आला तरी दिवे मिणमिणतात. सगळ्या अर्थिंगच्या जागा पत्रा चमकेपर्यंत घासल्या आणि जाड वायर टाकली. दिवे आता पिवळे नाहीत, पांढरे लागतात.

आता छत. लांबी पूर्ण खरवडून झाली. खिडक्या पन्हळीच्या लगेच वर आहेत, नेमक्या तिथे पत्रा दोन्ही अंगांनी वळतो. सपाट तुकडा तिथे बसणारच नाही. म्हणून आधी पुठ्ठ्याचा नमुना, मग वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून बाक आणायचा, भोकात बसवून बघायचा, पुन्हा ठोकायचा. पहिल्या तुकड्याला दोन दिवस लागले. वेल्डिंग सलग ओढलं तर पातळ पत्रा तापून लाटांसारखा उठतो. त्यामुळे एक टाका इथे, पुढचा पार दुसऱ्या टोकाला, मध्ये पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. पहिला तुकडा बसल्यावर डोळे मिटून त्यावरून हात फिरवला. एका जागी बोट अडलं, तिथे हातोडी आणि ठोकळ्याने पुन्हा बसवलं. आता अडत नाही.

काचा आणि त्यांचे रबर जपून ठेवलेत. खऱ्या सांबावर काम करणारा कुणी भेटला तर त्याला देईन.

तुझ्याकडून एक हवंय. त्या पहिल्या दिवशी तू ताडपत्री ओढल्यावर फोटो काढला होतास, बाजूने, आठांपैकी चार काचा स्पष्ट दिसतात तो. त्याची एक प्रत पाठव. गाडीच्या कागदांत मी तो ठेवणार आहे, मागे तारीख आणि कुठे कुठे पत्रा जोडला ते लिहून. माझ्यानंतर जो कुणी अस्तर उसवेल त्याला आतून आठ जोड दिसतील, तेव्हा ते कसले हे त्याला कळायला हवं.

उद्या दुसरा तुकडा बसवायला घेतोय.

तुझाच,
मित्र