लेथवरच्या माणसालाही विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतली विद्यापीठं शास्त्रज्ञांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून कशा जपतात, यावर गेल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. लेख आवडला. पण वाचून झाल्यावर मनात एक खुटखुट राहिली, म्हणून हे पत्र. मी शास्त्रज्ञ नाही. एका संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं टर्नर होतो, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू फिरवून, कापून सुटे भाग घडवायचो.

अशा कामाला उशीर झाला की काय होतं, ते आधी सांगतो. क्वांटम भौतिकी ज्यांनी घडवली त्यांच्या मुलाखती घ्यायचं काम विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांनी १९६१ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून हाती घेतलं. तोवर आइनस्टाइन जाऊन सहा वर्षं झाली होती, पाउली १९५८मध्ये गेले होते आणि श्रोडिंगर तर त्याच वर्षीच्या जानेवारीत. नील्स बोर तेवढे सापडले, तेही थोडक्यात. कोपनहेगनला ३१ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांच्याशी पहिली बैठक झाली, १७ नोव्हेंबरला पाचवी. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवून बोर जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. पुढचे प्रश्न कून यांच्या वहीतच राहिले असणार.

कून यांची माणसं रिकाम्या हातानं जात नसत. जुनी पत्रं, हस्तलिखितं शोधायची, त्यांची मायक्रोफिल्म करायची आणि मग समोर बसायचं. एवढं करूनही तीस-चाळीस वर्षांपूर्वी कल्पना नेमकी कशी सुचली, हे पुष्कळांना सांगता येईना. माणूस निकाल लक्षात ठेवतो, धडपड विसरतो. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्येही पास झालेला जॉब, म्हणजे घडवलेला भाग, सगळ्यांना आठवतो. त्याआधी भंगारात टाकलेले तीन कुणालाच आठवत नाहीत.

मिनेसोटा विद्यापीठातली चार्ल्स बॅबेज इन्स्टिट्यूट मला जास्त भावली. संगणकाच्या इतिहासाला वाहिलेल्या या संस्थेकडे चारशेहून अधिक मुलाखती आहेत आणि त्यांच्या लिखित प्रती कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. भाच्यानं मला त्या मोबाइलवर उघडून दिल्या. इंग्रजी अडतं, तरी वाचतो. तिथं प्राध्यापकच नाहीत, कंपन्यांतले इंजिनिअरही बोलतात. सेंट पॉल शहरात ग्लायडर बनवायच्या जुन्या कारखान्यात सुरुवातीचे संगणक जोडले गेले, त्या पिढीतली माणसं तिथं भेटतात. असं काही वाचलं की आपण त्या शेडमध्ये जाऊन आल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं (टीआयएफआर) अभिलेखागार, म्हणजे जुने कागद आणि आठवणी जपायची जागा, उभं केलं; त्यासाठी इतिहासकार इंदिरा चौधुरी यांनी मुलाखती घेतल्या. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेनं २०१९ साली आपलं अभिलेखागार सगळ्यांना खुलं केलं. पण ही संशोधन संस्थांची कामं झाली. विद्यापीठांचं काय? आणि विचारायचं कुणाला, हा माझा खरा मुद्दा.

नारायणगावाजवळ खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. भरीव पत्रा लावला असता तर वाऱ्याचा जोर पेलायला लोखंड किती लागलं असतं! म्हणून स्टेनलेस स्टीलच्या दोऱ्या ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली. ही कल्पना स्वरूपांची, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि असावंच. पण उंचावर, वाऱ्यात, ती जाळी ताणणाऱ्या हातांना काय काय कळलं असेल? कुठली दोरी आधी ओढायची, सकाळी ताणलेली जाळी दुपारच्या उन्हात कशी वागते? टिफ्रॅक हा देशात बनलेला पहिला डिजिटल संगणक मुंबईत टीआयएफआरमध्ये तयार झाला. त्यातल्या हजारो जोडण्यांना डाग कुणी दिला? शोधनिबंधात अशा माणसांचं फार तर शेवटच्या ओळीत ‘वर्कशॉपचे आभार’ एवढं येतं.

आमच्याकडे एक ग्लासब्लोअर, म्हणजे काच तापवून, फुंकून उपकरणं घडवणारे, होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. काचेच्या व्हॅक्यूम लाइनला, म्हणजे हवा उपसून काढलेल्या नळ्यांना, गळती लागली की साहेब लोक यंत्र लावून शोधत बसत. अण्णा बर्नर पेटवायचे, ज्योत सांध्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, ‘हितं आहे.’ कसं कळतं विचारलं तर ‘आवाज बदलतो’ एवढंच उत्तर. मागच्या श्रावणात अण्णा गेले. आवाज कसा बदलतो, ते आता कुणाला विचारू?

म्हणून विद्यापीठांना दोन गोष्टी सुचवतो. मुलाखत मराठीत घ्या, आणि माणसाला खुर्चीवर बसवून ‘आपल्या जीवनप्रवासाविषयी सांगा’ असं म्हणू नका. आम्ही गप्प बसतो किंवा भाषण ठोकतो. जुनं ड्रॉइंग हातात द्या. जमलं तर लेथपाशी उभं करा. हात चालायला लागले की तोंड आपोआप चालतं. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास मोडतात, आणि ‘चक’, ‘टेलस्टॉक’, ‘सूतभर’ असले शब्द टंकलेखकाला कळायचे नाहीत. तेव्हा उतरवलेलं एकदा आम्हाला वाचायला द्या. मग काय छापायचं आणि काय आमच्या माघारी, याची सही घ्या. साहेबांबद्दलच्या काही गोष्टी माघारीच बऱ्या.

हे जमणार नाही असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. दळणाऱ्या बायांचं बोलणं जपण्यासारखं आहे हे महाराष्ट्राला पटलं. मग लेथवर उभं राहून आयुष्य काढलेल्यांचं का पटू नये?

दोन वर्षांपूर्वी हीच सूचना घेऊन मी एका विद्यापीठात गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आपली पदवी कोणती?’ मी आयटीआय म्हणालो. ‘अर्ज ठेवून जा’ म्हणाले. अर्ज अजून तिथंच आहे.

माझ्याजवळ ११ डायऱ्या आहेत, ड्रॉइंगची एक पेटी आहे. आमच्या शॉपमधले सात जण माझ्या यादीत होते, आता चार उरलोत. दोघांना कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानं बोलणारी मुलं पाठवा. आणि शक्यतो सकाळी पाठवा. दुपारी जेवून आम्ही सगळेच जरा आडवे होतो.

आपला,
एक निवृत्त टर्नर, ठाणे