चांदमारीजवळच्या विहिरींत शिसे तपासा

महोदय,

आमच्या गावाला लागून फौजेची चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा आहे. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला शिकवलेल्या गावातल्या पाच बायांपैकी मी एक. पेटीतल्या रसायनांनी आम्ही क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह पाहतो. सगळे ठीक निघाले की वहीत ‘पिण्यायोग्य’ लिहितो. पण त्या पेटीत शिसे आणि अँटिमनी हे धातू शोधायची सोयच नाही. तालुक्याला विचारले, तर त्यासाठी वरून पत्र यावे लागते म्हणाले.

रायफलच्या गोळीत बहुधा शिसे असते, ते टणक व्हावे म्हणून थोडे अँटिमनी आणि वरून तांब्याचे कवच. लक्ष्यामागच्या मातीच्या बांधावर आदळून गोळी फुटते, चुरा मातीत मिसळतो आणि ओलीने गंजतो. आमची काळी माती चिकण, क्षाराकडे झुकणारी, त्यामुळे शिसे बरेचसे वरच्या थरात धरून ठेवते. अँटिमनीचे उलटे आहे, अशा मातीत ते पाण्याबरोबर सहज निघते. आणि मिरगाच्या पहिल्या पावसात बांधाची मातीच वाहून नाल्यात आली, तर शिसेही तिच्यासोबत येणार. त्या नाल्यावर ढोरे पाणी पितात, काठच्या विहिरीवर आम्ही भरतो. पाणी उकळून हे धातू जात नाहीत.

मला खरी धास्ती पोरांची आहे. ढोरकी पोरे गोळ्या वेचून आणतात, चुलीवर शिसे वितळवून मासोळीच्या जाळ्याला वजने करतात. त्याच चुलीवर भाकर होते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमचे अधू करते. हे घरोघरी सांगत फिरते आहे, पण अंगणवाडीतून आणि शाळेतूनही सांगितले गेले पाहिजे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कॅम्प एडवर्ड्स या लष्करी सराव तळावर 1997 मध्ये शिशाच्या गोळ्या थांबवल्या. त्याऐवजी आणलेल्या गोळ्यांतले टंगस्टन पुढे भूजलात सापडले, तेव्हा त्याही बंद केल्या. तिथे विहिरी तपासत होते म्हणून हे कळले.

जवानांचा सराव बंद करा, असे आमच्यातले कोणी म्हणत नाही. गावची पोरे फौजेत आहेत. मागणी एवढीच: भूजल सर्वेक्षण यंत्रणेने चांदमारीभोवतीच्या विहिरी-बोअरचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर घेऊन शिसे, अँटिमनी, तांबे तपासावे. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. आमच्या विहिरीचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. बांधाची माती ठरावीक वर्षांनी चाळून शिसे काढून घ्यावे, आणि तोवर नाल्याच्या तोंडाशी गाळ अडवणारा खड्डा तरी यंदाच्या मिरगाआधी खोदावा.

— पाणी तपासणारी एक गावकरी, जि. नागपूर