मशीन बंद करून खाली उतरलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव-बिव नको ताई, उद्या सगळेच बोलवायला लागतील," असं तुम्हीच म्हणाला होतात. पण आभार चारचौघांतच मानणार, कारण नदी साफ करायला निघालो तेव्हा "कशाला नसते उद्योग करता" हे आम्हाला चारचौघांतच ऐकवलं गेलं होतं.

नदीवर माजलेली जलपर्णी हाताने ओढून आमची सगळी मंडळी टेकीला आली होती. पाणी प्यालेली ती मुळं कसली जड! आणि काढलेला ढीग काठावरच राहिला तर पहिल्या पुरात पुन्हा नदीत. माती उपसायच्या मशीनसाठी कुठे कुठे खेटे घातले ते सांगत बसत नाही. एका कार्यालयाने नदी दुसऱ्याच्या हद्दीत ढकलली, दुसऱ्याने पहिल्याच्या. एक साहेब वृक्षारोपणाला मात्र वेळेवर आले. लावलं काय, तर गुलमोहर. मूळचं मादागास्करचं झाड, नदीकाठाशी त्याचं काय नातं? फोटो निघाले, पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. त्याआधीच्या सुशोभीकरणात काठची वाळुंज, करंज, उंबर आडवी झालीच होती. मुळं गेली तशी दरड ढासळायला लागली, सावली गेली तसं पाणी तापायला लागलं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर माजलेली जलपर्णी वरून झाकण घालून बसते. मासे मरतील नाहीतर काय!

अशात तुम्ही आलात, तेही सुट्टीच्या दिवशी. जे काम आम्हाला उरकत नव्हतं ते तुमच्या मशीनने भराभर उरकलं, त्याचे आभार आहेतच. पण माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट वेगळी आहे.

ट्रॉली खाली न्यायला उतार हवा होता, म्हणून काठाची उभी मातीची कड तुम्ही ओढणार होतात. बकेट वर गेली आणि तिथेच थांबली. इंजिन बंद. तुम्ही उतरून कडेपाशी गेलात. मातीत मुठीएवढं भोक आणि त्याखाली ओघळलेली पांढरी विष्ठा. आम्ही पक्ष्यांच्या याद्या करणारी माणसं, पण एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. कुणीतरी म्हणालं, साप असेल. तुम्ही म्हणालात, "साप दारात अशी घाण करत नाही. थांबा जरा." थांबलो. चोचीत मासा घेऊन खंड्या आला, आम्हाला बघून समोरच्या फांदीवर बसला आणि ओरडून ओरडून त्याने आम्हाला झाडून काढलं. आत पिल्लं होती. खंड्या अशाच उभ्या कडेत बोगदा खणून त्याच्या टोकाशी अंडी घालतो. कड सपाट केली की घरच गेलं. तुम्ही खांद्यावरचा लाल रुमाल काठीला बांधून तिथे रोवलात आणि उतार पार पलीकडून, दगडांतून काढलात. काम दुपटीने वाढलं. "वळसा पडेल, पडू दे," एवढंच बोललात.

त्या भोकाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, थांबला नसतात तरी कुणी बोल लावला नसता. हातात एवढी ताकद असलेला माणूस ती चालवण्याआधी खाली उतरून बघतो, हे मी फार थोड्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. हुद्दे मोठे असलेल्यांच्या बाबतीत तर विचारूच नका.

त्या कडेला आम्ही हात लावलेला नाही. वरच्या अंगाला करंज लावले आहेत, ढासळलेल्या भागात वाळा. त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात. जलपर्णी मात्र पुन्हा येणार. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि नाले अजून तसेच वाहतायत. त्यासाठी अर्जांवर अर्ज चालू आहेत. पावसाळा सरला की तुम्हाला पुन्हा हाक मारणार आहोत. या खेपेला डिझेल आमचं, त्यावर वाद घालायचा नाही.

तुमची,
नदीवरची ताई