चित्रकारांचे किस्से पुरे, आता चित्रांबद्दल लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पाश्चात्त्य चित्रकारांवर अधूनमधून लेख येतात, मी ते आवडीनं वाचते, पण एक गोष्ट फार खटकते म्हणून आज लिहितेय. व्हॅन गॉग आला की कापलेला कान, पिकासो आला की त्याच्या बायका, कॅराव्हॅज्जिओ आला की खून, आणि शेवटी चित्र लिलावात किती कोटींना गेलं ते. पण तो माणूस रंगवायचा कसा, त्याचं चित्र सही न बघता लांबूनसुद्धा ओळखू येतं ते कशामुळे, याबद्दल दोन ओळी पण नसतात.

व्हॅन गॉगचंच घ्या ना. २७व्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि ३७व्या वर्षी गेला, म्हणजे जे काय केलं ते दहा वर्षांत. १८८५ चं त्याचं 'बटाटे खाणारे' बघा, सगळं मातकट, काळपट, आणि तीनच वर्षांनी दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात पिवळ्या बॅकग्राउंडवर पिवळी सूर्यफुलं! हा बदल वेडाच्या झटक्यात नाही झाला. मधे तो पॅरिसला भावाकडे, थिओकडे राहिला, तिथं इम्प्रेशनिस्ट लोकांचं, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा उजेड मोकळ्या रंगांत पकडणाऱ्या चित्रकारांचं, काम पाहिलं, जपानी छापचित्रं जमवली, आणि त्यातून त्याचे रंग उघडत गेले. थिओला लिहिलेली पत्रं वाचली तर कळतं की कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग ठेवायचा याचा तो किती बारीक विचार करायचा. त्याच्या बेडरूमच्या चित्रातल्या भिंती आज आपल्याला निळ्या दिसतात, पण त्यानं पत्रात त्या फिक्या जांभळ्या म्हणून लिहिल्यात, कारण पिवळ्या पलंगाशेजारी जांभळा त्याला हवा होता, आणि त्या जांभळ्यातला लाल इतक्या वर्षांत उजेडानं उडून गेलाय. हे वाचल्यावर मी ते चित्र परत उघडून किती वेळ बघत बसले, कानाची गोष्ट वाचून असं कधी झालं नव्हतं.

आयुष्याबद्दल लिहूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण आयुष्य जिथं ब्रशमधे उतरतं तिथलं लिहा. गोयाचं उदाहरण आहे, १७९२-९३ च्या आजारपणात तो ठार बहिरा झाला, आणि म्हातारपणी घराच्या भिंतींवर त्यानं ती चौदा काळी चित्रं काढली, कुणी सांगितलं म्हणून नाही, विकायला पण नाही. मातीस तर १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर बराचसा वेळ अंथरुणात नाहीतर चाकाच्या खुर्चीत असायचा, मग त्यानं रंगवलेले कागद कात्रीनं कापून चित्रं करायला घेतली, आणि ती बघून कुणाला आजारपण आठवणार पण नाही इतकी ती उत्साही आहेत.

कॅराव्हॅज्जिओनं १६०६ मधे रोममधे एकाला मारलं आणि पळाला हे खरंच आहे, पण त्याआधी त्यानं जे केलं ते जास्त धक्कादायक होतं असं मला वाटतं. रोमच्या सांत आगोस्तीनो चर्चमधल्या चित्रात मेरीसमोर गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळपाय त्यानं थेट बघणाऱ्याच्या तोंडासमोर आणून ठेवलेत! आजूबाजूला गडद अंधार आणि एका बाजूनं येणारा कडक उजेड. आणि त्याचं एकही कच्चं रेखाटन आज उपलब्ध नाही, कॅनव्हासवरच्या थरात ओढलेल्या काही रेघा तेवढ्या सापडतात. असं सांगितलं तर वाचक चित्रात शिरतो, नुसत्या खुनाच्या गोष्टीनं नाही शिरत.

मोनेबद्दल तर किती लिहिण्यासारखं आहे. फ्रान्समधल्या रूआं शहराच्या कॅथेड्रलची, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चची, त्यानं तीसहून जास्त चित्रं केली, उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा. पुढे मोतीबिंदू झाला, १९२३ मधे ऑपरेशन झालं, त्याआधीच्या काळातली त्याची काही चित्रं लालसर-तपकिरी होत गेलेली दिसतात.

अजून एक विनंती. चित्र छापता तेव्हा खाली साल, माध्यम, ते कुठल्या म्युझियममधे आहे आणि मुख्य म्हणजे साईझ द्या. पिकासोचं 'गेर्निका' जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे, आणि व्हर्मीरची लेस विणणारी बाई जेमतेम २४ सेंटिमीटर उंचीची. पेपरात दोन्ही सारखीच दिसली तर वाचणाऱ्या मुलांना काय कळणार, एकासमोर माणूस लहान होतो आणि दुसऱ्यासाठी वाकून जवळ जावं लागतं, हा फरकच हरवतो.

तुमच्याकडे चांगलं लिहिणारे लोक आहेत म्हणून हक्कानं सांगतेय. पुढच्या वेळी एकच चित्रकार, एकच चित्र घ्या, अर्धं पान भरून छापा आणि त्यात कुठं काय बघायचं ते सांगा. मोनेपासून सुरुवात केलीत तर फारच आवडेल.

आपली,
एक नियमित वाचक