फिलाडेल्फियाच्या नामवंतांत डीन बॉडली हव्या होत्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी शहरांच्या आपल्या लेखमालेतील फिलाडेल्फियाच्या नामवंतांवरचा लेख वाचला. बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरील मजकूर उत्तम आहे. पण ज्या स्त्रियांमुळे हे शहर मराठी घरांत पोहोचले, त्यांचा उल्लेखही नाही, याची खंत वाटते.

१८५० साली तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या पहिल्या तुकडीतील अ‍ॅन प्रेस्टन १८६६ मध्ये तेथेच डीन झाल्या. शहरातील रुग्णालये विद्यार्थिनींना दारात उभे करीत नसत, म्हणून १८६१ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभारले. १८६९ च्या नोव्हेंबरात त्यांच्या विद्यार्थिनी पेनसिल्वेनिया हॉस्पिटलमध्ये व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखू थुंकली. तरीही त्या मुलींनी शिक्षण सोडले नाही. पेनसिल्वेनिया हॉस्पिटल स्थापन करणाऱ्यांत स्वतः फ्रँकलिन होते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

पुढे १८७४ मध्ये रसायनशास्त्राच्या प्राध्यापक रेचल बॉडली डीन झाल्या आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी तेथे दाखल झाल्या. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे आनंदीबाईंनी अर्जातच प्रांजळपणे लिहिले होते, आणि तरीही महाविद्यालयाने त्यांना घेतले. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, त्या सोहळ्यासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये फिलाडेल्फियातच प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या होत्या. रमाबाईंनी ते पुस्तक आपली आई लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीला अर्पण केले. आनंदीबाईंचे चरित्र आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, मात्र त्यांच्या डीनचे नाव विचारले तर मोठी माणसेही गप्प होतात.

१० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र आहे. त्यात साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केइको ओकामी आणि आपल्या देशी पोशाखातील सीरियाच्या सबात इस्लांबुली अशा तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. लेखमालेच्या पुढील भागात प्रेस्टन आणि बॉडली यांच्यावर चार परिच्छेद आणि सोबत हे छायाचित्र छापावे, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, पुणे